चोवीस मणी, तीन वाट्या तीर्थ

"बोला, अन्नमाते की..."

"जय!"

नरोली रस्त्यावरच्या बंद पडलेल्या गोदामात दीडशे बायकांचा आवाज वरच्या पत्र्यावर जाऊन आदळला. १९९२ सालचा एक गुरुवार, सकाळचे दहा. समोर चौरंगावर झेंडूचे हार घातलेला वजनकाटा ठेवला होता. देवाच्या जागी काटा! शेजारी पांढऱ्या सोफ्यावर अन्नानंद महाराज बसले होते. स्वतः चांगले नव्वद किलोच्या घरातले, पण त्यांना काट्यावर चढा म्हणायची छाती कुणाची नव्हती.

मामलेदार कचेरीतल्या कारकुनाच्या पत्नी कमळाबाई काट्यावर चढल्या. सेवकानं वाकून आकडा वाचला.

"ऐंशी! मागच्या गुरुवारी साडेब्याऐंशी!"

गोदामात टाळ्यांचा कडकडाट झाला. कमळाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. महाराजांनी हात वर केला आणि मराठी, हिंदी, गुजराती एकत्र कालवून बोलायला सुरुवात केली.

"डॉक्टर काय सांगतो? चाला, पळा, पाला खा! अरे, बैल दिवसभर चालतो, पालाच खातो, कधी बारीक झाला? आपण काय करायचं? मणी मोजायचे. चोवीस मणी, चोवीस तत्त्व! पोळीत दोन मणी माया, चहात एक मणी माया, जिलेबीत तीन मणी माया. मणी संपले की मोढुं बंध, तोंड बंद! आणि देवाला नैवेद्य दाखवला तर माया केटली, किती?"

"शून्य!" दीडशे बायका ओरडल्या.

प्रत्येकीच्या गळ्यात महाराजांनी दिलेली चोवीस मण्यांची माळ होती. काही खाल्लं की त्याचे ठरलेले मणी सरकवायचे. बुधवारी दुपारपासून पाणी वर्ज्य. त्या संध्याकाळी आणि गुरुवारी सकाळी फक्त महाराजांचं तीर्थ, पहिल्या आठवड्यात एक वाटी, मग दोन, मग तीन. आणखी एक नियम होता आणि तो महाराज दर वेळी डोळे वटारून सांगत. गुरुवारखेरीज कुठल्याही काट्यावर पाय ठेवायचा नाही, ठेवला तर व्रत मोडलं.

त्या दिवशी सगळ्यात शेवटी लीला सोनवणे चढली. तीन आठवड्यांत सात किलो! काळ्या फळ्यावर तिचं नाव पहिल्या नंबरावर लिहिलं गेलं. मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या शोभानं, तिच्या धाकट्या बहिणीनं, टाळ्या वाजवल्या नाहीत.

शोभा सिल्वासातल्या मराठी शाळेत गणित शिकवायची. दोघी बहिणी नाशिककडच्या. लीलाचे यजमान अरविंद एका सूत कारखान्यात शिफ्ट इंजिनियर होते, म्हणून लीला सामरवरणीला राहायला आली आणि तिच्या मागून नोकरी शोधत शोभाही आली. दोघीही अंगानं भरलेल्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर सामंतांनी दोघींनाही वजन उतरवायला सांगितलं होतं, लीलाला तर रक्तदाबाची गोळीही सुरू केली होती. शोभाला त्यांनी एक यादी लिहून दिली होती. कशात किती कॅलरी, आणि दिवसाला बाराशेच्या वर जायचं नाही. शोभा वहीत लिहून खायची. दोन महिन्यांत तिचं वजन चार किलो उतरलं होतं आणि तेवढ्यात तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

त्या शनिवारी ती लीलाकडे गेली, तर घरात तुपाचा वास भरून राहिला होता. साबुदाण्याचे वडे, शिरा, वर दाण्याचे लाडू. लीलानं सगळं महाराजांच्या फोटोपुढे ठेवलं, पाण्याचा हात फिरवला आणि मग निवांत खायला बसली. मणी एकही सरकला नाही.

"ताई, एवढं सगळं शून्य?"

"नैवेद्य आहे ना गं! तू घे की. तुझ्या वहीत नको लिहू म्हणजे झालं."

शोभानं वडा घेतला नाही. तिनं लीलाची छापील मण्यांची यादी उचलली आणि गणिताच्या बाईची जुनी खोड म्हणून डॉक्टरांच्या यादीशेजारी ठेवली. पोळी शंभर कॅलरी, दोन मणी. गोड चहा पन्नास, एक मणी. जिलेबी दीडशे, तीन मणी. खाली खाली जात तिनं पंधरा पदार्थ ताडून पाहिले. एक मणी म्हणजे पन्नास कॅलरी. चोवीस मणी म्हणजे बाराशे. महाराजांनी कुठल्याशा आहाराच्या पुस्तकातले आकडे पन्नासनं भागले होते आणि उत्तराला माया असं नाव दिलं होतं!

शोभाला हसू आलं. पण ते हसू फार टिकलं नाही, कारण पुढचं गणित काही केल्या सुटेना. किलोभर चरबी उतरायला सुमारे साडेसात हजार कॅलरी कमी खाव्या लागतात, हे डॉक्टरांनी तिला समजावलं होतं. लीलासारख्या बाईला आठवड्याला लागतात पंधरा हजार. म्हणजे लीलानं सात दिवस अन्नाचा कण तोंडात घातला नसता तरी दोनच किलो उतरले असते. पहिल्या आठवड्यात तिचे तीन उतरले होते, तेही रोज वडे आणि शिरा खाऊन.

"ताई, हे शक्य नाही. तुझी चरबी जात नाहीये, दुसरंच काहीतरी जातंय. चल, आत्ता सुकदेवभाऊंच्या धान्याच्या दुकानात पोती तोलायचा काटा आहे, त्याच्यावर उभी राहा."

"आज शनिवार आहे! माझं व्रत मोडायला आलीस का?" लीलानं हातातला लाडू खाली ठेवला. "रात्री पायात गोळे येतात, छातीत धडधडतं, बुधवारी रात्रभर लघवीला उठते मी. एवढं सोसून फळ्यावर नाव आलंय. ह्यांच्या कंपनीच्या पार्टीत माझ्यासाठी दोन खुर्च्या मागवा म्हणून हसले होते लोक. आता त्यातल्याच बायका माझ्या पाया पडतात. तुझ्या वहीनं दोन महिन्यांत चार, माझ्या माळेनं तीन आठवड्यांत सात. जळतेस तू, शोभे."

शोभा तडक उठून घरी आली. बहिणीचं बोलणं तिला झोंबलं होतं, आणि झोंबलं ते अशासाठी की ती खरंच थोडी जळत होती. पायातले गोळे, धडधड, रात्रभराची लघवी, हे सगळं डॉक्टरांच्या कानावर घालावं असं तिच्या मनात आलं होतं. पण ताई येईल आणि आपली समजूत काढेल, मग बघू, असं म्हणत ती रुसून बसली. मधला गुरुवार गेला. तिनं चौकशीसुद्धा केली नाही.

त्याच्या पुढच्या गुरुवारी मात्र तिला राहवेना. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती गोदामात पोचली. आत नेहमीपेक्षा मोठा जयघोष चालला होता. काट्यापुढे बायकांचं रिंगण झालं होतं आणि बायका एकेक करून खाली वाकत होत्या.

रिंगणाच्या मधोमध लीला जमिनीवर पडली होती. ओठ कोरडे ठक्क, डोळे अर्धवट उघडे. बायका तिच्या पायांवर डोकं ठेवत होत्या.

"समाधी लागली आहे!" महाराज सांगत होते. "देह हलका झाला, आता आत्मा वर चढतो. कोई हाथ मत लगाना!"

शोभा बायकांना ढकलत आत घुसली. तिनं मनगट धरलं. नाडी दोन ठोके धावायची आणि मधेच थांबायची.

"रिक्षा बोलवा! अहो, मरतेय ती!"

कुणी हललं नाही. दोघीतिघींनी शोभालाच मागे ओढलं. व्रत मोडेल, बाई, पाप लागेल. दहा मिनिटं ती एकटी त्या गर्दीशी झोंबत होती. शेवटी कमळाबाई पुढे झाल्या आणि दोघींनी मिळून लीलाला उचलून बाहेर आणलं. दवाखान्यात डॉक्टर सामंतांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकत राहिले आणि मग नळी कानातून काढली.

लीला सदतीस वर्षांची होती.

गोदामात दुसऱ्याच दिवशी तिचा मोठा फोटो लागला. लीलामातेला मोक्ष मिळाला, अशी आवई उठली. दादरा, खानवेल, पार वापीपासून बायका येऊन नावं नोंदवू लागल्या. माणूस मेलं आणि गर्दी दुप्पट झाली! शोभाला रडूही येईना, इतका तिला संताप आला होता.

डॉक्टरांनी तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं. गोळे, धडधड, लघवी. ते म्हणाले, "तीर्थात काय घालतात ते कळलं पाहिजे."

ते सांगू शकणारी एकच व्यक्ती होती, गोदाम झाडणारी सरुबाई. जवळच्याच पाड्यावर राहायची. शोभा तिच्या झोपडीत गेली आणि सरळच विचारलं, "सरुबाई, बुधवारी तिथून काय काय कचरा निघतो?"

"गुळाचे कागद, लिंबाच्या साली, तुळशीच्या काड्या," सरुबाई म्हणाली. "आन् चकचकीत पाकिटं. त्यातल्या गोळ्या तो सेवक खलात कुटतो. म्हनतो, कापूर हाय. मला काय ठावं, बाई? मला वाचता येत नाय." तिनं उकिरड्याच्या कडेला टाकलेली गोणी ओढून आणली. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांनी ती अर्धी भरली होती.

शोभानं गोणी दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी एक पट्टी उजेडात धरून वरचं नाव वाचलं.

"लघवी वाढवणारी गोळी. अंगावर सूज येते त्या हृदयाच्या रोग्यांना देतो आम्ही, मोजून मापून. हिनं एका रात्रीत दोन-तीन किलो पाणी निघून जातं, आणि त्या पाण्याबरोबर हृदयाचा ठेका सांभाळणारे क्षारही जातात. वरून ह्या बायका पाणी पीत नाहीत. लीलाबाईंची रक्तदाबाची गोळीही त्याच जातीची होती. तिच्यावर ह्या तीन वाट्या."

पोलिसांत तक्रार गेली, पण पोलीस पंचनाम्याचा कागद तयार करेपर्यंत पुढचा गुरुवार उजाडला. शोभा आणि डॉक्टर गोदामात गेले. शोभानं गोणी काट्यासमोर रिकामी केली. महाराज गरजले, "बहीण गेली म्हणून हिचं डोकं फिरलं आहे!" शोभानं त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," ती बायकांना म्हणाली. "आज ह्या काट्यावर चढलात, ते आकडे लिहून ठेवा. परवा शनिवारी सुकदेवभाऊंच्या दुकानात पोत्यांच्या काट्यावर चढा. मधे पोटभर पाणी प्या. बस, एवढंच करा."

शुक्रवारी पहाटे महाराज आणि सेवक वापीच्या रस्त्यानं पसार झाले. ते पुन्हा कुणाच्या हाती लागले नाहीत.

शनिवारी दुकानापुढे अकराच बायका आल्या. बाकीच्यांचा धीर झाला नाही. सुकदेवभाऊंनी पोती बाजूला केली. पहिल्या कमळाबाई चढल्या. गुरुवारी साडेशहात्तर होत्या, शनिवारी साडेएकोणऐंशी. दुसरी अडीच किलोंनी वाढली होती, तिसरी तीन किलोंनी. अकराही जणींचं वजन दोन दिवसांत अडीच-तीन किलोंनी परत वर आलं होतं.

"म्हणजे काटा खोटा होता?" एकीनं विचारलं.

"काटा खरा होता," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तर तुम्ही फसलात. तो फक्त पाणी मोजत होता. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा काट्यावर जाऊ नये म्हणून शपथ घातली होती."

"मग आमचं काहीच उतरलं नाही?" कमळाबाईंनी विचारलं.

"उतरलंय," शोभा म्हणाली. "महिन्याभरात साडेब्याऐंशीवरून तुमचे तीन किलो खरंच उतरलेत. ते तुम्ही कमी खाल्लं म्हणून उतरले. त्यात महाराजांचं काही नाही. मणी वाईट नाहीत. ज्यांना वही लिहायचा कंटाळा आहे, ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी खुशाल मणी मोजा. माझ्या वहीपेक्षा ते सोपं आहे, हे मी कबूल करते. एक मणी म्हणजे पन्नास कॅलरी, एवढं ठाऊक असू द्या, म्हणजे कुणी तुम्हाला शून्य सांगून फसवणार नाही. देवाला दाखवला म्हणून साबुदाणा हलका होत नाही. आठवड्याला अर्धा-पाऊण किलो उतरतं. त्याहून जास्त देतो असं कुणी म्हणालं, तर आपल्या अंगातून नक्की काय जातंय ते त्याला विचारा. कुठल्याही गोष्टीची परीक्षा घ्यायला कुणी बंदी केली, तर त्याच गोष्टीची परीक्षा आधी घ्या. गुरू असो, डॉक्टर असो, नाहीतर मी असो. चारचौघांत विचारा, आणि शंका येईल त्याच दिवशी विचारा."

मग कमळाबाईंनी चपला पायात सरकवता सरकवता खाली मान घालून विचारलं, "बाई, लीला वाचली असती का हो?"

डॉक्टरांनी मान फिरवली. शोभाला खोटं बोलणं सोपं होतं, आणि त्या अकरा जणींनी ते मानलंही असतं.

"हो," ती म्हणाली. "मला त्या शनिवारीच कळलं होतं की गणित चुकतंय. मी रुसून घरी बसले. त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले असते, तर ताई आज ह्या काट्यावर उभी असती."