आपोआप पडणारी घडी

फोन वाजला तेव्हा माझ्या हाताखाली एक कोट होता. पांढरा, लांब, डॉक्टर घालतात तसला. त्याची पाठ करायची राहिली होती. मी डाव्या हातानं फोन उचलला. उजवा हात इस्त्रीवरच होता.

"काका, वॉर्डातून बोलतेय. लगेच या."

"जेवली का ती?" मी विचारलं. डबा सकाळी मीच देऊन आलो होतो.

"तुम्ही या आधी," नर्स म्हणाली.

हॉस्पिटल आमच्या लाँड्रीच्या समोरच आहे. रस्ता ओलांडला की झालं. मी वर गेलो तेव्हा बायको खाटेवर सरळ निजलेली होती, हनुवटीपर्यंत चादर ओढून. चादर आमच्याच दुकानातून गेलेली. तिच्यावर घडीच्या रेषा होत्या, दोन आडव्या आणि एक उभी, अगदी कोऱ्या. खाली कुणी कूस बदलली असती, श्वास घेतला असता, तरी त्या थोड्या मोडल्या असत्या. नर्स काही बोलायच्या आधी मला त्या रेषांवरून कळलं.

"कधी?"

"वीस मिनिटं झाली, काका. बसा तुम्ही."

मी बसलो नाही. काय करायचं ते सुचेना, म्हणून चादरीचा कोपरा सरळ केला.

खाली आलो तर दुकानातून धूर येत होता. मुलगी हॉटेलात कपडे पोचवून परतली होती. तिनं वायर ओढून काढली होती आणि कोट बादलीत बुडवला होता. मी इस्त्री उभी करायला विसरलो होतो. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"अहो बाबा, दुकान पेटलं असतं! कुठं गेला होतात असं टाकून?" ती ओरडली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातातून वायर सुटली. तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

डॉक्टरांनी तेव्हा एवढंच सांगितलं की हृदय थकलं. बायको चोपन्न वर्षांची होती. वर्षभर तिला धाप लागत होती, संध्याकाळी पाय सुजत होते. दिवसभर उभं राहून सुजतात असं आम्ही धरून चाललो होतो. जाण्याच्या आठ दिवस आधी तिच्या हृदयाचा कणभर तुकडा तपासायला काढला होता. तपासणी दुसरीकडे होते. रिपोर्ट आला तोवर ती जाऊन पाच आठवडे झाले होते.

ज्यांचा कोट मी जाळला होता त्या डॉक्टरबाईंचाच फोन आला. वयानं लहान आहेत, मला काका म्हणतात. मी आधी कोटाचंच बोललो. "नवीन आणून देतो."

"कोटाचं राहू द्या हो काका. रिपोर्ट आलाय. थोडा वेळ काढून या."

मला वाटलं, आता रिपोर्टचं काय करायचं? तरी गेलो.

त्यांची खोली छोटी होती. टेबलावर दोन कप, एक पाण्याची बाटली आणि तो कागद. त्यांनी मला कागद दाखवला नाही. एकदम म्हणाल्या, "काका, शर्टाची घडी घालायला तुम्हाला किती वेळ लागतो?"

"मला आठ सेकंद. तिला सहा," मी म्हणालो.

"आपल्या शरीरातही घडीचंच काम चालतं," त्या म्हणाल्या. "प्रथिनं म्हणतात ना, ती नुसती डाळीत न् अंड्यात नसतात. अंग त्यांचंच बनलंय आणि आतली कामंही तीच करतात. अन्न पचवणं, रक्तातून प्राणवायू नेणं, जखम भरणं, सगळं. प्रत्येक पेशीत ती रोज नवी तयार होतात."

मग त्यांनी एका कागदाच्या मागे काढून दाखवलं. पेशीच्या मधोमध एक मोठी वही असते, ती बाहेर काढत नाहीत. जे हवं त्याची फक्त चिठ्ठी उतरवून बाहेर पाठवतात. बाहेरचा कारागीर चिठ्ठी वाचत जातो आणि एकेक मणी ओवत जातो. मणी वीस जातींचे. कुठल्यानंतर कुठला ते चिठ्ठीत असतं. माळ पुरी झाली की ती वळते, दुमडते, गुंडाळते आणि तिचा ठरलेला आकार होतो. आकार झाला की ती कामाला लागते. आकार नसेल तर काम नाही.

"दुमडतं कोण?" मी विचारलं.

"कुणी नाही. थोडी मदत असते कधीकधी. पण घडी तिची तीच पडते. कुठं दुमडायचं ते मण्यांच्या क्रमातच असतं."

आम्ही दोघांनी मिळून आयुष्यात किती घड्या घातल्या असतील? एकही आपोआप पडली नाही. हे बायकोला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "मग त्या कारागिराला आपल्याकडे कामाला घ्या की. मी बसते गल्ल्यावर." हे मला तिच्याच आवाजात ऐकू आलं आणि पुढचं डॉक्टरबाईंचं एक वाक्य हुकलं.

"...यकृत हे प्रथिन बनवतं," त्या सांगत होत्या. "चार माळा एकमेकींना धरून राहतात आणि रक्तातून फिरतात. हमाली करतात म्हणा, एक जीवनसत्त्व वाहून नेतात. एका माळेत एकशे सत्तावीस मणी. काकूंच्या माळेत त्यातला एक चुकीचा होता."

"एक?"

"एकच. जन्मापासून. त्यामुळे चौघींची पकड सैल. त्या सुट्या होतात, घडी उलगडते, मग भलतीच पडते. तसल्या माळा एकमेकींना चिकटतात, त्यांचे धागे होतात आणि ते हृदयात साचतात. हृदय जाड होतं, कडक होतं. मग ते सैल होऊन रक्त भरून घेऊ शकत नाही."

कडक हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा ऐकतो. कडक करा, कडक नको.

बहुतेक मला समजावं म्हणून, बोलता बोलता त्या पुढे म्हणाल्या, "जुन्या काळी डॉक्टरांनी असल्या हृदयावर आयोडीन टाकून पाहिलं तर ते स्टार्चसारखा रंग धरायचं. त्यांना वाटलं, आत स्टार्चच साचलाय. आजाराचं नावसुद्धा त्यावरूनच पडलंय, 'स्टार्चसारखा' अशा अर्थाचं."

स्टार्चची खळ आमच्याकडे तीच करायची. मी केली तर गुठळ्या व्हायच्या. अठ्ठावीस वर्षं, रोज सकाळी, मोठ्या पातेल्यावर तोंड करून ती ढवळायची. वाफ सगळी तिच्या अंगावर.

"आमच्या खळीनं झालं का?"

"नाही काका. तो स्टार्च नव्हताच. नंतर कळलं ना, प्रथिन आहे म्हणून."

"पण ती वाफ घ्यायची रोज."

"वाफेचा काही संबंध नाही."

"नक्की?"

"नक्की. हे जन्मतःच होतं." मग त्यांनी विचारलं, "काकूंच्या हाताला मुंग्या यायच्या? बोटं बधिर व्हायची?"

"नऊ वर्षांपूर्वी दोन्ही मनगटांचं ऑपरेशन झालंय तिचं. इस्त्री धरून धरून शीर दबली होती."

"दोन्ही मनगटं एकदम?"

"हो."

डॉक्टरबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. "पुष्कळांत पहिली खूण तीच असते. हृदयाच्या आधी आठ-दहा वर्षं. ते धागे मनगटातही साचतात. पण इस्त्रीवाल्या बाईचे हात बधिर झाले म्हटल्यावर कुणाला शंका येणार?"

कुणालाच आली नव्हती. आमच्या धंद्यात सगळ्यांचेच हात मरतात. माझ्या वडिलांचे मेले होते, माझेही थंडीत मरतात. आणि मी तर त्यावर विनोद केला होता. बायको इस्त्री तापली का ते ओल्या बोटानं बघायची. बोट टेकवायचं, चर्र झालं की उचलायचं. ऑपरेशनच्या आधीच्या वर्षी एकदा ती बोट टेकवून गिऱ्हाइकाशी बोलतच राहिली. मी ओरडलो तेव्हा तिनं बोट काढलं, पाहिलं आणि हसली. म्हणाली, "मेलं कळलंच नाही. इतक्या वर्षांची ओळख झालीय आता, चावत नाही मला." ही गोष्ट मी पुढं कितीतरी गिऱ्हाइकांना हसत हसत सांगितली. ती शेजारी उभी असायची, तीही हसायची.

"आता ऐका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता यावर गोळी आहे. ती त्या चार माळांना एकत्र धरून ठेवते, सुटू देत नाही. पण आधी कळलं तर. साचलेलं निघत नाही. तुमच्या मुलीला ही चूक मिळालेली असण्याची शक्यता निम्मी आहे. मिळाली असली तरी आजार होईलच असं नाही. पण रक्त तपासायला हवं. तुम्ही सांगाल का तिला, की मी सांगू?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

पण मी लगेच सांगितलं नाही. दुकानात आलो आणि स्टार्चचं पोतं उचलून मागच्या नळाखाली उलटं केलं. डॉक्टरबाईंनी नाही म्हटलेलं मी ऐकलं होतं. तरी केलं. पांढरं पाणी मोरीतून वाहायला लागलं, मोरी तुंबली.

मुलगी सत्तावीस वर्षांची आहे. हिशोबाला, जिभेला आईवर गेलीय. ती आली तेव्हा मी चिखलासारख्या त्या पांढऱ्या राड्यात उभा होतो.

"बाबा! हे काय मांडलंय? हॉटेलचे दोनशे रुमाल आहेत उद्या. काय सांगू त्यांना, तुम्हीच उभे धरा म्हणून?"

"खळ नको आता आपल्याकडे."

"नको म्हणजे? आई असती तर तुम्हाला त्या मोरीत उभं करून धुतलं असतं."

मी खाली बसलो. तिथंच, ओल्यात. आणि सगळं सांगितलं. माळा, मणी, एक चुकलेला, हृदय कडक झालेलं. मला जसं समजलं होतं तसं, उलटसुलट. ती दाराला टेकून ऐकत होती. आईचे हात कशानं मेले ते सांगितलं तेव्हा तिनं आपले हात पाठीमागे नेले.

"म्हणजे माझ्यातही असेल."

"निम्मी शक्यता. नसेलही."

ती आत गेली. इस्त्रीचं बटण चालू केल्याचा आवाज आला. मला वाटलं, कामाला लागली. तिच्या आईचंही असंच होतं. काही झालं की कपडे ओढायची. मग तिनं हाक मारली, "बाबा, इकडे या."

मी गेलो. तिनं बोट तोंडात घालून ओलं केलं आणि माझ्यादेखत इस्त्रीवर टेकवलं. उचललं नाही. चर्र आवाज संपला तरी उचललं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ओठ वाकडे झाले. मी तिचा हात धरून ओढला.

"लागलं," ती म्हणाली. "खूप लागलं. बघितलंत? मला लागतं. झालं समाधान? नाहीये माझ्यात काही."

मी तिचं बोट नळाखाली धरलं. सत्ताविसाव्या वर्षी तिच्या आईलाही चटका बसायचा. ते तिलाही माहीत होतं. पाणी वाहत राहिलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "रक्त तपासायला फॉर्म वगैरे असतो का काही?"

फॉर्म दुसऱ्या दिवशी तिनंच जाऊन आणला. बोटाला पट्टी होती म्हणून अक्षर तिरकं आलंय, पण सगळं भरलं. वय, वजन, आधीचे आजार. दुसऱ्या पानावर आईबद्दल विचारलंय. मृत्यूचं कारण तिनं लिहिलं. त्याखाली एक ओळ आहे: पहिलं लक्षण कोणतं, ते कोणत्या वर्षी दिसलं आणि तेव्हा काय केलं.

"हे तुम्ही लिहा," तिनं फॉर्म माझ्यापुढं सरकवला. "मला नाही माहीत. तुम्ही होतात तिथं. तुम्ही लिहिलंत की मी खाली सही करते."

"लिहितो."

"आज?"

"लिहितो गं."

डॉक्टरबाईंनाही मी विचारलं, ही ओळ कोरी ठेवली तर चालेल का? त्या म्हणाल्या, चालेल. मुलगी म्हणाली, "मला नाही चालणार."

दुकान चालू आहे. रुमालांना खळ आता मुलगी करते. गुठळ्या होतात, गिऱ्हाईक अजून काही बोललेलं नाही. जळका कोट मागच्या खिळ्यावर आहे, पाठीवर इस्त्रीचा आख्खा तळवा उमटलेला. नवीन कोट मी देऊन आलो.

फॉर्म काउंटरच्या खणात आहे. सकाळी दुकान उघडलं की मी तो काढतो. वर्ष मला पाठ आहे. लक्षणही लिहिता येईल, चार शब्दांचं काम आहे. तेव्हा काय केलं, तिथं पेन थांबतं.

रक्ताचे नमुने दर सोमवारी पाठवतात. तीन सोमवार मुलीच्या सहीविना गेले. ती ओळ अजून लिहायची आहे.