एका क्रमांकाचे दोन रिमोट

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे. पण टीव्हीचा नव्हे, विमानाचा. खेळण्यातलं विमान म्हणालात तरी मला राग येत नाही. उडवणाऱ्यांना येतो.

माझ्या अंगावर उभ्या-आडव्या हलणाऱ्या दोन दांड्या आहेत. दांडी हलली की मी तिचा ठोका करून रेडिओ लहरींवर हवेत सोडतो. एकीकडे झुकली तर आखूड ठोका, दुसरीकडे तर लांब. पहिला पंखांचा, दुसरा शेपटीचा, तिसरा इंजिनाचा, चौथा सुकाणूचा. मग क्षणभर गप्प बसतो. विमानाला कळतं, आता पुन्हा पहिल्यापासून. शाळेतल्या हजेरीसारखंच, पण सेकंदाला पन्नास वेळा. विमान मात्र मला कधीच उत्तर देत नाही.

माझी मालकीण सुताराची मुलगी. बापलेकीने वर्षभर खपून हलक्या लाकडाचं विमान बांधलं. "पडलं तर?" ती विचारायची. "मी आहे ना!" बाबा म्हणायचे.

विमानं उडवायच्या मैदानावर एका फळीला कपड्यांचे चिमटे लावलेले असत, प्रत्येकावर लहरींचा क्रमांक. एकाच क्रमांकाचे दोन रिमोट एकदम बोलले तर विमान गोंधळतं. म्हणून ज्याच्याकडे चिमटा, त्यानेच रिमोट चालू करायचा. त्या सकाळी आमच्या क्रमांकाचा चिमटा तिने कॉलरला लावला. विमान काय सुरेख चढलं! माझा ऊर भरून आला.

मागे तंबूत बाबांनी पिशवीतून कोरा रिमोट काढला. तिला बक्षीस द्यायचा होता, आणि त्याच विमानाला चालावा म्हणून मुद्दाम माझ्याच क्रमांकाचा आणला होता. चालतो का पाहावं, म्हणून त्यांनी बटण दाबलं. उत्साहाच्या भरात चिमट्याचं भानच राहिलं नाही.

मी जीव तोडून ठोके पाठवत होतो आणि त्या कोऱ्या रिमोटचे ठोके माझ्या ठोक्यांत मिसळत होते. तिने दांडी पार डावीकडे नेली. मी तेच सांगितलं. विमान गरागरा फिरलं आणि नाकावर आपटलं. त्याचे तुकडे तुकडे झाले.

"बाबा, माझा हात चुकला हो," ती रडू लागली.

तंबूच्या दारातून बाबांनी तिच्या कॉलरचा चिमटा पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पाठीमागे धरलेला रिमोट त्यांनी हळूच बंद करून पिशवीत सारला. "होतं असं कधी कधी," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून मी कपाटात आहे. बाबा अधूनमधून येऊन माझी धूळ पुसतात आणि पुन्हा दार लावतात. काल ती मैत्रिणीला सांगत होती, "मला नाही जमत असलं काही. माझे हातच वेंधळे." बाबा तिथेच उभे होते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, बॅटऱ्या काढून ठेवा. पण आपली चूक दुसऱ्याच्या माथी राहिली असेल, तर आधी ती सांगून टाका. तुम्हाला बोलता येतं. मला येत असतं तर त्याच दिवशी ओरडलो असतो, की पोरी, तुझा हात चुकला नव्हता. मी त्याच हातात होतो.