हातातला पट्टा

दिपालीच्या पायाला भिंगरी आहे, हे तिच्या माहेरी चिंचपाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. लग्न जमवताना मात्र कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मुलीचं शिक्षण सांगितलं, स्वयंपाक सांगितला, रंग तर समोर दिसतच होता. पण ही पोरगी एका जागी बसली की हिचा जीव कोंडतो, हे सांगायचं राहून गेलं. वडील रेल्वेत कामाला. रोज रुळांच्या कडेनं चालत जायचं आणि कुठे काही सैल झालंय का बघत परत यायचं, ही त्यांची नोकरी. शाळेला सुटी असली की दिपाली त्यांच्या मागे मागे निघायची. चालण्यासाठी सरकार पगार देतं, याचं तिला लहानपणी फार नवल वाटायचं.

आणि येऊन पडली कुठे, तर शहाद्यात दुसऱ्या मजल्यावर. सासर प्रकाशा गावचं, पाटलांचं, शेतीवाडीचं. नवरा अमृत शहाद्यातल्या एका पतपेढीत कारकून, म्हणून बिऱ्हाड शहाद्यात. सासूबाई सिंधुबाई गुडघ्यांच्या औषधपाण्यासाठी यांच्याकडेच राहायच्या. सासरे पितांबर आबा गावी केळीच्या बागेत रमलेले.

घरात तिला जाच होता असं मुळीच नाही. पंचाईत तीच होती. जाच असता तर माहेरी जाऊन सांगता आलं असतं. मला नुसतं चालायचंय, हे कुणाला सांगणार? आमच्याकडे बाईमाणूस रस्त्यावर निघालं की चार घरं ओलांडायच्या आत कुणीतरी विचारतंच, "कथा चालनी वं?" कुठे निघालीस, या प्रश्नाला उत्तर लागतं. दळण, भाजी, दवाखाना, देऊळ. "कुठेच नाही" हे उत्तर धरलं जात नाही. दिपाली एकदा एकाच दिवसात तिसऱ्यांदा कोथिंबीर आणायला निघाली तेव्हा सिंधुबाई म्हणाल्या, "काय वं, कोथमीरनं दुकान टाकनं शे का तुले?"

समोरच्या बंगल्याच्या गच्चीवर एक कुत्रा होता. बंगला भाविका मॅडमचा. त्या दातांच्या डॉक्टर, खाली दवाखाना आणि वर घर. लॅब्राडॉर जातीचा, गुळाच्या रंगाचा हा कुत्रा मुलांच्या हट्टापायी आणलेला. मुलं शिकायला बाहेरगावी गेली आणि ब्राउनी गच्चीवर उरला. दिवसभर तो पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारायचा. इकडच्या गच्चीवर दिपाली कपडे वाळत घालायच्या निमित्तानं जायची आणि कपडे वाळेपर्यंत तीही टाकीभोवती फिरत राहायची. एके दिवशी दोघं एकाच वेळी थांबले आणि एकमेकांकडे बघत राहिले. दिपालीला तिथे रडूच फुटलं. तिनं डोळे पुसले, जिना उतरली आणि मॅडमची बेल वाजवली.

"मॅडम, मी तुमच्या कुत्र्याला फिरवून आणू का?"

मॅडमनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "महिन्याचं काय घेशील?" पैशाचा विचार करून ती गेलीच नव्हती. पण नको म्हणण्याइतकी वेडीही नव्हती.

असा तो धंदा सुरू झाला. सकाळी ब्राउनी, मग नवनीतशेठचा अल्सेशियन, संध्याकाळी सरकारी कॉलनीतल्या एका साहेबांचं पामेरियन. मोबाइलवर स्टेटस ठेवलं, "कुत्रे फिरवून मिळतील." मैत्रिणी हसून हसून बेजार झाल्या. सिंधुबाईंना तर हे पटेचना. "कुत्राले फिराले माणूस कसाले लागस?" त्या म्हणाल्या. "आपलं वावरमानलं कुत्रं काय कोनं बोट धरीसन फिरस?"

पण हातात पट्टा आला त्या दिवसापासून "कथा चालनी" बंद झालं. लोक आता विचारायचे, "कोना कुत्रा शे?" डाक्टरबाईंचा, असं सांगितलं की मामला मिटला. कुत्र्याला फिरायचंय म्हटल्यावर बाई कुठेही जाऊ शकते, हा शोध दिपालीला लागला. ती बाजारातून जायची, कॉलेजच्या मैदानाला वळसा घालायची, उसाच्या शेतांपर्यंत जाऊन यायची. पाय दुखायचे आणि डोकं शांत व्हायचं. रात्री झोप लागायची. हे काम आपल्या हातून जाता कामा नये, एवढं एकच तिला त्या दिवसांत कळत होतं.

अडचण होती ती आबांची. आबांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

आबा वाईट माणूस नव्हते. पण त्या घराची रीत होती, आणि लग्नाला अकरा वर्षं झाली तरी ती रीत जागची हलली नव्हती. आबा जिन्यात खाकरायचे. तो आवाज आला की दिपालीचा हात आपोआप डोक्याकडे जायचा, मग साडीचा पदर असो की ड्रेसवरची ओढणी. ती आबांशी थेट बोलत नसे. आबा समोर बसलेले असताना सासूला म्हणायची, "आई, आबासले इचारा, चहा टाकू का?" आणि आबा भिंतीकडे बघून म्हणायचे, "टाक म्हनो." दोघांच्या मध्ये कायम एक तिसरं माणूस लागायचं. कुणी नसलं तर आबा चहाच घेत नसत.

"मी सांगस त्यासले," अमृत म्हणाला होता. आधी कापूस निघू दे म्हणाला. कापूस निघाला, मग केळी निघू दे म्हणाला. केळी निघाली, मग अमावस्या आडवी आली. अमृतसारख्या माणसाला सांगायला मुहूर्त कधी सापडतच नाही. सिंधुबाईंनी तर आधीच हात झटकले होते. "मी काही देखं नई, मी काही ऐकं नई."

आणि आबांच्या येण्याचा नेम नव्हता. कधी फवारणीचं औषध न्यायला, कधी ठिबकचा पाइप आणायला, कधी नुसते दूध द्यायला. मोटारसायकलला दुधाची किटली लटकवून केव्हाही यायचे. त्यामुळे दिपालीची फिरण्यातली मजा हळूहळू नासली. कुत्रा हुंगत हुंगत आपल्या नादात चालायचा आणि ही प्रत्येक मोटारसायकलकडे बघायची. किटली खडखडली की हिचं पाऊल अडायचं. गच्चीवर जीव कोंडत होता तो निदान एका जागी कोंडत होता. आता तो सगळ्या शहादाभर पळत होता.

ऊसतोडीचे दिवस होते. सकाळचं धुकं नुकतंच उठलं होतं आणि प्रकाशा रोडवर उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक उभ्या होत्या. ड्रायव्हर टपरीवर चहा पीत होते. दिपाली ब्राउनीला घेऊन कोपऱ्यावर वळली आणि समोर टपरीच्या बाकावर आबा बसलेले. हातात बशी. प्रकाशाचे दोघं-तिघं बाजूला.

आबांनी बशीवरून मान वर केली. नजरानजर झाली.

दिपालीचे दोन्ही हात डोक्याकडे गेले. तिनं काही ठरवलं नव्हतं. ज्या हातांना अकरा वर्षं एकच गोष्ट शिकवली, त्यांनी तीच केली. ओढणी कपाळापर्यंत आली, चांगली नीट आली. आणि पट्टा खाली पडला.

ब्राउनीला एवढंच हवं होतं. तो टपरीमागे खरकटं हुंगायला धावला. तिथे त्या गल्लीची कुत्री बसलेली. मग जे व्हायचं ते झालं. एकच कल्लोळ उठला, ब्राउनी केकाटत बाहेर आला आणि अख्खी गल्ली त्याच्या मागे.

दिपाली उभीच. सासऱ्यासमोर पळायचं नसतं. मोठ्यानं बोलायचं नसतं. ती डोक्यावरून ओढणी घेऊन पुतळ्यासारखी उभी राहिली आणि डोळ्यांदेखत तो गुळाच्या रंगाचा जीव ट्रॉल्यांच्या रांगेत शिरला. तिथे कुणीतरी ट्रॅक्टर सुरू केला. तो आवाज कानावर पडला आणि तिच्या तोंडून हाक फुटली.

"ब्राउनीऽऽ!"

आपल्या सुनेचा आवाज कसा आहे हे पितांबर आबांना त्या सकाळी कळलं. चांगला खणखणीत होता. रुळांच्या कडेनं बापाला हाका मारत वाढलेला.

ती पळाली. ओढणी खांद्यावरून घसरली, रस्त्यावर पडली, तिनं मागे वळून बघितलंही नाही. तिसऱ्या ट्रॉलीखाली, मागच्या चाकाला चिकटून ब्राउनी थरथरत बसला होता. कान फाटून रक्त गळत होतं. कुत्री भोवती दात काढून उभी, आणि ज्याचं इंजिन सुरू झालं होतं तो ट्रॅक्टर याच ट्रॉलीचा. ड्रायव्हर वर बसून मोबाइलवर गाणं लावत होता. दिपाली ट्रॉलीखाली शिरली. शिरता शिरता मागे पावलं वाजली, आणि ती कोणाची हे न बघता तिला कळलं.

"आबा! त्या कुत्रासले हाकला! ट्रॅक्टर हालू देऊ नका!"

हे ती आबांशी बोललेलं पहिलं वाक्य. तोही हुकूम.

आबांनी खांद्यावरचा टॉवेल फिरवत कुत्री पिटाळली आणि तसेच ट्रॅक्टरच्या तोंडासमोर जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. "थांब रे! बंद कर ते! खाले मन्ही वहू शे!"

पाटलांची सून ट्रॉलीखाली आहे म्हटल्यावर टपरीवरची सगळी माणसं उठून उभी राहिली.

दिपाली ब्राउनीला छातीशी धरून बाहेर आली. केसांत उसाचं पाचट, गुडघे चिखलानं माखलेले. आबांनी आपला टॉवेल तिच्यापुढे केला, तिनं तो कुत्र्याच्या कानाला बांधला. आबांनी गाडीला किक मारली आणि समोर रस्त्याकडे बघत एकच शब्द बोलले, "बठ."

सासऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसलेली ती पाटलांची पहिलीच सून असावी. मध्ये रक्तबंबाळ लॅब्राडॉर, बाजूला खडखडणारी किटली. "डाक्टरबाईंकडे," एवढंच तिनं मागून सांगितलं. आता घरी काय वाढून ठेवलंय याचा दिपाली विचार करत होती. उद्यापासून पुन्हा गच्ची. पुन्हा टाकी.

भाविका मॅडमनी कान स्वतःच धुतला, गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि मग हातमोजे काढून दिपालीकडे वळल्या. आबा कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते.

"हा सुटलाच कसा?" मॅडमचा आवाज चढला होता. "पट्टा तर धड आहे. इतके दिवस कधी सुटला नाही. आज काय झालं? फोनवर बोलत होतीस?"

हो म्हणणं सोपं होतं. फोन आला होता म्हणायचं, कुत्र्यानं झटका दिला म्हणायचं. मग मॅडम म्हणणार, तुला झेपत नाही, उद्यापासून राहू दे. आणि खरं सांगायचं तर भरदवाखान्यात, परक्या बाईसमोर, सासऱ्याकडे बोट दाखवायचं. ज्या माणसानं आत्ता ट्रॅक्टरपुढे हात पसरले त्याच्याकडे. दिपालीनं खाली बघितलं. तिच्या हातावर ब्राउनीचं रक्त सुकत होतं, आणि त्या रक्तापुढे तिला खोटं बोलवेना.

"सुटला नाही, मॅडम. मी सोडला."

"सोडलास?"

"समोर सासरे दिसले. डोक्यावर ओढणी घ्यायला हात वर गेले, आणि पट्टा खाली."

मॅडमनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघितलं, मग टेबलावरचे हातमोजे उगाच इकडचे तिकडे केले.

"माझे सासरे सुरतहून येतात ना," त्या शेवटी म्हणाल्या, "तेव्हा मी पेशंटचं तोंड तसंच उघडं टाकून ओढणी शोधत फिरते. पेशंट आ करून बसलेला." त्या हसल्या नाहीत. "जखम भरेपर्यंत राहू दे. सोमवारपासून ये. पण दिपाली, पुन्हा असं चालायचं नाही."

काम राहिलं होतं. दिपालीचे पाय एकदम हलके झाले आणि लगेच पुन्हा जड, कारण कोपऱ्यात खुर्ची करकरली. आबा खाकरले.

"सकायले ती कोनता रस्ताथून जास, इचारा तिले," ते भिंतीवरच्या दातांच्या चित्राला म्हणाले.

"काका, मला कशाला? ती इथेच तर उभी आहे," मॅडम म्हणाल्या.

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग मोठ्या कष्टानं मान वळवली. नजर सुनेच्या चिखलानं भरलेल्या चपलांपर्यंतच पोचली.

"दिपाली," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे नाव तिनं आजवर ऐकलंच नव्हतं. "कोनता रस्ता?"

"प्रकाशा रोडवरथून. मंग कॉलेजकडे."

"लोके तं हासतीनच. हासू दे." ते चपलांकडे बघूनच बोलत होते. "मी आते मांगला रस्ताथून येत जासू. फेरा पडस, पडू दे. तुन्ही आडे नई येनार मी."

सत्तरीतला माणूस आपल्यापायी जन्मभराची वाट बदलायला निघाला होता. आणि त्या मायेच्या पाठोपाठ दिपालीला संताप आला, तोही तितकाच खरा. आबा मागच्या रस्त्यानं येतील, पण चुलतसासरे येतील, थोरले दीर येतील, अख्खं प्रकाशा त्याच रस्त्यानं येतं. ती पुन्हा प्रत्येक मोटारसायकलकडे बघत चालणार. किती माणसांनी किती रस्ते बदलायचे?

"नका बदलू, आबा," ती म्हणाली. मध्ये तिसरं कुणी नव्हतं. "तुम्ही त्याच रस्ताथून या. समोर या. मी पट्टा सोडनार नई."

आबांनी आता कुठे मान वर केली आणि सुनेचं उघडं डोकं, पाचट अडकलेले केस, सगळं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सोडू नको," ते म्हणाले, आणि गाडी काढायला बाहेर गेले.