मुक्कामी गाडी

रोस्टॉकमधल्या दुकानदारानं मला विचारलं होतं, मुलगा केवढा आहे. मुलासाठी नाही, वडिलांसाठी हवंय, असं मी सांगितलं. तेव्हा त्यानं मांडून ठेवलेली खोकी बाजूला सारली आणि गेम खेळायच्या कन्सोलशेजारी एक स्टिअरिंग आणि पायाखाली ठेवायचे तीन पेडल आणून ठेवले. गेमही त्यानंच निवडला. बस चालवायची, जर्मनीच्या आतल्या भागातल्या एका डेपोतून निघून रोस्टॉकच्या समुद्रापर्यंत.

अप्पा, माझे वडील वीरभद्र, एसटीत ड्रायव्हर होते. आधी किनवटकडे, मग नांदेडला, शेवटची बरीच वर्षं लातूर-नांदेड. निवृत्तीनंतर लगेच छातीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दोन गोष्टींना मनाई केली. गाडी चालवायची नाही आणि लांबचा विमानप्रवास करायचा नाही. मी जिथं समुद्राच्या पाण्याचे नमुने तपासते ते रोस्टॉक अप्पा कधी बघणार नाहीत, हे तेव्हाच ठरून गेलं. त्यावर त्यांनी तक्रार केली नाही. फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "रेल्वेनं पाणी आलेल्या गावची पोरगी, अन् पगार घेती समुद्राचा."

हैदराबादच्या विमानतळावर कस्टमच्या माणसानं बॅग उघडायला लावली. स्वेटरमध्ये गुंडाळलेलं स्टिअरिंग त्यानं दोन्ही हातांनी वर धरलं.

"गाडी कुठे आहे?"

"लातूरला. टीव्हीत."

त्यानं ते एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून पाहिलं आणि परत स्वेटरमध्ये ठेवलं.

लातूरच्या घरी जर्मन पिना सॉकेटात सैल बसल्या. अप्पांनी कागदाची घडी करून त्यांच्याखाली सारली. कन्सोलचं घड्याळ जर्मनीचं होतं. मी ते बदलायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुझ्याकडं किती वाजले ते कळतंय." गेममधला दिवसही त्याच घड्याळानं चाले. हिवाळ्यात आमच्या अंगणात ऊन डोक्यावर यायला लागलं की टीव्हीत उजाडायचं.

अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, स्टिअरिंगच्या मधोमध विभूतीची तीन बोटं ओढली. अप्पांनी टीव्हीची काच आधी ओल्या आणि मग कोरड्या वर्तमानपत्रानं पुसली, जशी आयुष्यभर बसची पुढची काच पुसत आले होते. मकसूदचाचा सोफ्यावर येऊन बसले. ते अप्पांच्या गाडीवरचे कंडक्टर, दोघं मागेपुढेच निवृत्त झालेले.

"उस्ताद, पेन्शनरला हाफ तिकीट हाय का?"

"तुमाला फुल. जागा लई लागती."

चाचांनी हातातल्या स्टीलच्या ग्लासावर अंगठी दोनदा वाजवली. डबल बेल, म्हणजे गाडी सोडा. अप्पांनी स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला आणि डेपोतून गाडी काढली, ती सवयीनं डाव्या बाजूनं. समोरून ट्रक आला. "हितं समदं उलटं हाय," असं म्हणत त्यांनी शांतपणे बाजू बदलली. थोडं पुढं गेल्यावर बर्फ पडायला लागलं. त्यांनी गाडी कडेला घेऊन थांबवली आणि दोन्ही हात चाकावर तसेच ठेवून बघत बसले. मागून हॉर्न वाजत होते.

"वाजू द्या," अप्पा म्हणाले. "मकसूद, असं कवा बघितलं व्हतं का?"

"आमच्या हदगावच्या जिनिंगात कापूस असाच उडतो, उस्ताद," चाचा म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "पर येवढा न्हाई."

रोस्टॉकपर्यंतचा रस्ता एका बैठकीत संपणारा नव्हता. मधे एक बटण दाबलं की गाडी आहे तिथं राहते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं जाता येतं. अप्पा ते बटण दाबत नसत. जेवायची वेळ झाली की गाडी कडेला घेत आणि भिंतीवरचा स्विच बंद करत. दुसऱ्या दिवशी बस पुन्हा डेपोत उभी असे. त्यांना ते बरोबरच वाटे. रोजची गाडी रोज डेपोत यायलाच हवी.

रोस्टॉकला परतल्यावर फोनवर मी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावून पाहिलं. संध्याकाळची शेवटची एसटी आडगावी जाऊन रात्रभर थांबते आणि पहाटे तिथल्या लोकांना घेऊन परत फिरते, ती मुक्कामी गाडी. किनवटच्या जंगलातल्या गावांत अप्पांनी असे कितीतरी मुक्काम केले होते.

"अप्पा, बटण दाबलं म्हणजे मुक्काम केला असं समजा."

"मुक्काम गावात करतेत माय. वाट बघणारी माणसं असतेत तिथं. रस्त्यात गाडी सोडून घरी जेवाय जायचं, ते कोणच्या ड्रायव्हरचं काम हाय?"

"मग रोस्टॉकला कधी येणार तुम्ही?"

"येतो की. रजा मंजूर होऊ दे."

दुसऱ्या वर्षी माघात ते गेले. सकाळचा चहा पिऊन, भिंतीला टेकून बसल्या जागी. आमच्या लिंगायतांत मातीत ठेवतात आणि त्याला फार थांबत नाहीत. मी पोचले तेव्हा माती वरून सुकली होती. मी त्यांना पाहिलं नाही.

भेटायला येणाऱ्यांची वर्दळ कमी झाल्यावर माझं टीव्हीकडे लक्ष गेलं. कन्सोलची वायर काढून कुणीतरी तिथं मोबाइल चार्जिंगला लावला होता. कागदाची घडी खाली पडली होती. मी ती उचलून ठेवली.

"शेवटी शेवटी लई बसायलते," अव्वा म्हणाली. "जेवणाला बी उठंनात. मी वरडले."

"समुद्रापर्यंत पोचले का?"

"मला काय कळतंय बाई. मी आपली भाकरी करायलते."

चाचा त्या दिवसांत हदगावला मुलीकडे होते. म्हणजे बघितलेलं कुणीच नव्हतं. अप्पा कुठपर्यंत आले होते, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. त्यांनी ते बटण दाबलं नसेल, तर गाडी डेपोत उभी असणार आणि मला ते कधीच कळणार नाही. म्हणून वायर लावायला माझा हात होईना. येता-जाता त्या काळ्या खोक्यावरची धूळ तेवढी पुसत राहिले.

एके दिवशी चाचा आले आणि सोफ्यावर आपल्या नेहमीच्या जागी बसले. दुपार व्हायला आली होती.

"लाव की बेटा. डेपोत असली तर डेपोत. तिथनं काढू."

मी पिना बसवल्या, खाली कागदाची घडी सारली. पडद्यावर जर्मन अक्षरांत दोन ओळी आल्या. एक नवी फेरी सुरू करण्याची, दुसरी आधीची फेरी पुढे नेण्याची. ही दुसरी ओळ मी आजवर फिकटच पाहिली होती, ठेवलेली फेरीच कधी नव्हती म्हणून. आज ती लख्ख पांढरी होती.

मी ती दाबली.

बस उभी होती. आत दिवा चालू होता, सीट रिकामी होती. बाहेर अजून उजाडायचं होतं. समोर ओला रस्ता गावाबाहेर जात होता. कडेच्या स्टॉपवर नाव होतं, ते मी दोनदा वाचलं. बंदरावरचा स्टॉप. मी रोज सकाळी कामावर जायला उभी राहते तोच. व्हिडिओ कॉलवर मी तो अप्पांना एकदा दाखवला होता, हातमोजे घातलेल्या हातात फोन धरून. माझी इमारत गेमवाल्यांनी केलीच नव्हती, तिथं नुसती मोकळी जागा होती. स्टॉप मात्र होता, आणि अप्पांची गाडी त्याला लागून उभी होती.

"पोचले," मी म्हणाले.

चाचा पुढे वाकले. "मुक्काम लावलाय उस्तादनं. तोंड बघ गाडीचं."

मग माझ्या लक्षात आलं. गाडीचं तोंड आल्या रस्त्याकडं होतं.

"मुक्कामाला गेलं की आल्या आल्या फिरवून ठेवायची," चाचा म्हणाले. "पहाटं गाडीच्या मागं लेकरं असतेत, म्हातारी माणसं निजलेली असतेत. रिव्हर्स मारायचा न्हाई. किनवटपासनं हेच."

त्या अरुंद धक्क्यावर एवढी लांब बस वळवायला गेम सांगत नाही. त्याचे गुणही मिळत नाहीत. बघायला कुणी नसताना, एकटे, अप्पांनी ती पुढेमागे करत वळवली असणार. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. त्या वेळी मला रडू आलं नाही. लहानपणी घाटात त्यांच्या पाठीमागच्या सीटवरून त्यांचे हात बघताना जसं वाटायचं, तसं वाटत होतं.

टीव्हीत उजाडायला लागलं. समोरचा रस्ता काळाच होता, पण दोन्ही बाजूंच्या आरशांत आधी करडं, मग गुलाबी असं काहीतरी पसरत गेलं आणि हलायला लागलं.

अव्वा पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. "हेच का तुझं गाव?"

"हो."

"अन् समुद्र?"

"आरशात आहे. मागं."

ती जवळ आली आणि त्या दोन छोट्या आरशांकडे बघत राहिली. तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. अप्पांनीही नव्हता.

"ह्यांनी बघितला म्हणायचा," ती म्हणाली.

"वळवताना समोरच आला असंल, भाबी," चाचा म्हणाले. "पूर्ण काचंत."

टीव्हीत पाण्याचा बारीक आवाज येत होता, तो पहिल्यांदाच ऐकू आला.

मग चाचांनी घसा साफ केला. "बेटा, मुक्कामाच्या गाडीला पहाटची फेरी असती. न्हाई निघाली तर माणसं खोळंबतेत."

"मला बस चालवता येत नाही, चाचा."

"मी हाय की. अन् रस्ता मोकळाय."

मी स्टिअरिंग पुढं ओढलं. मधोमध विभूतीच्या पुसट खुणा होत्या, बाजूला अप्पांच्या तळव्यांनी रबर गुळगुळीत झालं होतं. मी तिथंच हात ठेवले. अव्वा पदराला हात पुसून सोफ्याच्या खिडकीकडच्या टोकाला बसली.

"सावकाश घे ग," ती म्हणाली.

चाचांनी ग्लासावर अंगठी दोनदा वाजवली. मी क्लच सोडला आणि गाडी हिसका देऊन बंद पडली.

"हुतंय," चाचा म्हणाले. पुन्हा दोनदा वाजवली.

या वेळी गाडी हलली. स्टॉप मागं गेला, मग ती मोकळी जागा. समुद्र आरशात बराच वेळ दिसत राहिला.