येळवशीचे पाहुणे

जन्मठेप भोगत असलेला शिवशंकर माझा धाकटा भाऊ. त्यानं देगलूरच्या आठवडी बाजारात स्फोटकांचा डबा ठेवून चार माणसं मारली. कुणी याला सूड म्हणतं, कुणी धर्मकार्य. मी खून म्हणतो. मेलेल्यांत बांगड्यांवाले खाजामियाँ होते. आमच्या घरातल्या सगळ्या लेकी-सुनांनी त्यांच्याच हातून बांगड्या भरल्या. पण डबा ठेवताना या नालायकाचा हात थरथरला नाही.

वर्षभर तो सापडला नाही. पोलीस बिदर-हैदराबाद पालथं घालून दमले, आणि हा बहाद्दर वेळा अमावस्येला, म्हणजे येळवशीला, निलंग्याजवळच्या आमच्या शेतात हजर! आमच्याकडं येळवशीला माणूस कुठूनही घरच्या शेतात येतोच. पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढं बसून तो शेंगा-पालेभाज्यांची भज्जी ओरपत होता. त्या दिवशी वाटेवरच्या परक्यालाही हाक मारून जेवू घालतात. त्यामुळं दोन अनोळखी माणसं पंगतीला बसली, याचं कुणालाच काही वाटलं नाही. त्यालाही नाही. आमच्या मायनं तिघांनाही आग्रह करकरून आंबील वाढली. तो हात धुवायला उठला, तसं त्या दोघांनी त्याला धरलं.

खटला नांदेडला चालला. दर तारखेला तो माझ्याकडं बघून थुंकायचा. "बजरंग्या, फितूर!" गावही तेच म्हणायचं. मी काही सांगितलं नव्हतं, पण ऐकतो कोण?

शेवटी बचावाच्या वकिलानं मायला साक्षीला आणलं. बाजाराच्या दिवशी पोरगा शेतात होता, एवढं ती म्हणाली की तो सुटण्याची आशा होती. भावकीनं तिचे पाय धरले होते. ती खोटं बोलेल, अशी मला भीती होती. समोरच्या बाकावर खाजामियाँची लेक शहजादी बसली होती.

"त्या दिवशी शिवशंकर शेतातच होता ना?" वकिलानं विचारलं.

"न्हाई."

"आजी, नीट आठवा. थोरल्यानं त्याला पकडून दिलं, आता त्याच्याच धाकानं बोलताय का?"

"बजरंगाला काय बी ठाव न्हाई. पोलिसांस्नी म्याच बोलावलं. लेकरू पोटभर जेवू द्या, मग धरा, म्हणलं."

शिवशंकरनं मान खाली घातली. मेलेल्यांचे फोटो दाखवले, तेव्हा त्यानं ती घातली नव्हती. मायनं धरून दिलं याची त्याला लाज वाटली, माणसं मारल्याची नाही.

मायनं ते पाहिलं, आणि साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या उभ्या रडायला लागली.