आईच्या फुल्या

मुलांची मला कधीच फारशी आवड नव्हती, हे आधीच सांगून टाकते. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, ते बायकांचं. बायका माप देताना निदान जागेवर उभ्या राहतात. पण दुकान बंद केल्यावर मी घरात सगळ्यांच्या मागे लागले, तेव्हा सूनबाईनेच या बालगृहाचा पत्ता आणून दिला. "आई, तिथे पन्नास मुलं आहेत आणि सगळ्यांचेच कपडे उसवलेले," ती म्हणाली. मला घराबाहेर काढायचा डाव होता तो, न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? पण उसवलेले कपडे म्हटल्यावर राहवेना. गेले.

दर शनिवारी दहा ते एक. जेवणघराशेजारच्या खोलीत एक मशीन, एक इस्त्री आणि खिडकीशी टेबल. बटणं लाव, चेन बदल, वाढत्या पोरांच्या कपड्यांची खालची दुमड सोडून लांबी वाढव. मुलं मला 'शिवणआजी' म्हणायची. डोळे वटारले तरी म्हणायचीच.

माझी एक खोड आहे. दुसऱ्याचा वाकडा टाका दिसला की माझे हात शिवशिवतात. एकदा विहीणबाईंच्या घरी चहा होईपर्यंत मी त्यांच्या पडद्याची अर्धी शिवण उसवून ठेवली होती. महिनाभर अबोला होता त्यावरून. पडदा मात्र सरळ झाला.

त्या शनिवारी मुंगीचा निळा फ्रॉक हातात आला. मुंगी सात वर्षांची, एवढीशी, कधी एका जागी न ठरणारी, म्हणून सगळे तिला मुंगीच म्हणत. फ्रॉक गुडघ्याच्या बराच वर गेला होता. दुमड सोडली, तर आतल्या बाजूला लाल दोऱ्याच्या फुल्या. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. दुकानातल्या एखाद्या शिकाऊ पोरीने असं केलं असतं तर मी तिला उभी सोलली असती. ना शोभेच्या, ना कामाच्या! ब्लेड घेतलं आणि दोन मिनिटांत सगळ्या उडवल्या. दोरे झटकले, इस्त्री तापायला लावली.

तेवढ्यात मुंगी आली. "झाला माझा फ्रॉक?" तिने पहिल्यांदा खालचा काठच उलटा करून पाहिला. मग टेबलावर पाहिलं, मग जमिनीवर.

"कुठे गेल्या?"

"काय गं?"

"आईच्या फुल्या."

रडली असती तर परवडलं असतं, पण ती अगदी समजावून सांगितल्यासारखं बोलत होती. आई दुसऱ्या गावात नर्सिंग शिकते. तिथल्या होस्टेलमध्ये मुलांना ठेवू देत नाहीत. महिन्यातून एका रविवारी येते आणि आली की या फ्रॉकला आतून एक फुली घालते. बारा झाल्या की मुंगी घरी जाणार.

"नऊ झाल्या होत्या," ती म्हणाली. "उद्या आई येणार."

"मग नऊ आहेत ना तुझ्या लक्षात? आत्ता घालून देते. एका मिनिटाचं काम."

"तुम्ही घातल्या तर तुमच्या होतील. आईने कुठे घातल्या?" आणि मग टेबलाखाली जाऊन गुडघ्यांत डोकं घालून म्हणाली, "आता परत पहिल्यापासून."

चाळीस वर्षांत मी माफी मागितली असेल ती दोनदा, त्यातली एकदा नवऱ्याची. आता टेबलाखाली वाकून मागितली. स्वतःचा इतका राग आला, की ते ब्लेड खिडकीतून भिरकावून द्यावंसं वाटलं.

इस्त्रीकडे लक्ष गेलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोरा गेला तरी सुईची भोकं लगेच जात नाहीत. इस्त्री फिरली की मिटतात, पण ती अजून फिरली नव्हती! मी तिचा प्लग उपटला, चष्मा पुसला आणि काठ खिडकीच्या उजेडात धरला. होती. चार भोकं म्हणजे एक फुली.

"मुंगे, बाहेर ये. ही बघ तुझ्या आईची भोकं. तिनेच पाडलीत. मी फक्त दोरा घालणार, तोही तिच्याच वाटेने. मग फुली कोणाची?"

मुंगी बाहेर आली. बराच विचार करून म्हणाली, "आईची."

एकेक फुली भरायला लागले. वाकडं शिवणं किती कठीण असतं ते त्या दिवशी कळलं. माझा हात आपोआप सरळ जाई आणि मुंगी टोके, "तशी नाही, ती बाजूला पडलेली होती."

सहा झाल्या. पुढे बोटभर जागा मोकळी आणि मग उरलेल्या तिघींची भोकं.

"इथे जागा का सोडली गं?"

"मला कांजिण्या झाल्या होत्या ना, तेव्हा आई आलीच नाही." मुंगी नखाने टेबल खरवडत होती. "ती म्हणते आले होते. खोटं बोलते."

मी त्या जागेवरून अंगठा फिरवला, तर काहीतरी बोचलं. कापड डोळ्यांजवळ नेलं. निळ्यावर निळी फुली! वाकडी, पडलेली, जशीच्या तशी. न दिसल्यामुळेच माझ्या ब्लेडमधून सुटली होती.

मी बालगृहाच्या ताईंना हाक मारली, तशा त्या ऑफिसातून धावतच आल्या. फुली पाहिली आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगंबाई! आजारी मुलांच्या खोलीत कोणाला सोडत नव्हतो आम्ही. हिची आई दुपारभर फाटकाशी बाकावर बसून होती. फ्रॉक मागून घेतला. लाल दोरा आणायला विसरली होती, म्हणून मीच माझ्याकडचा निळा दिला. आम्ही हिला सांगितलं होतं, पण निळ्यावर निळी फुली हिला दिसलीच नाही. हिला वाटलं, आपली समजूत घालतायत."

मुंगीने फुलीवर बोट ठेवलं. "ही तुम्ही नाही घातली?"

"नाही गं बाई. दोरा ताईंचा, टाका मात्र तुझ्या आईचाच. माझा हातही लागलेला नाही."

"म्हणजे दहा."

"दहा."

माझा जीव भांड्यात पडला. खुर्चीत बसले. ताईंनी पाणी आणून दिलं. मी राहिलेल्या तीन फुल्या घातल्या, पुरत्या वाकड्या. नवी दुमड घालताना दहाही फुल्या आतल्या बाजूला सांभाळून घेतल्या.

मुंगी फ्रॉक छातीशी धरून धावतच सुटली. जेवणघरात पानं मांडणाऱ्या बाईंना, मग नळावर हात धुणाऱ्या पोरांना, मग फाटकावरच्या वॉचमनला, दिसेल त्याला ती काठ उलटा करून दाखवत होती. फुल्या किती झाल्या हे तिने कोणालाच सांगितलं नाही.

"आई आली होती," एवढंच सांगत होती.