आधी कूस बघ

माझ्या धाकट्या भावाने सकाळी दुकानात करवत आणली, तेव्हाच मी ओळखलं की आज रक्त निघणार. ते माझं निघेल असं मात्र वाटलं नव्हतं.

आम्ही खाटीक. दुकान बापाचं, तो गेल्यावर आम्हा दोघांचं. मधे फळ्यांची भिंत घालून झाली, सुऱ्या वाटून झाल्या, मांस टांगायचे आकडे वाटून झाले. उरलं ते बापाचं खोड, म्हणजे मटण तोडायचा कमरेएवढा ओंडका. त्याची वाटणी कशी करणार? धाकटा सरळ करवत घेऊन खोड मधोमध कापायलाच बसला. करवत वीतभर आत गेली आणि माझं डोकं फिरलं. मी त्याला मानेला धरून उचलला आणि भिंतीवर आपटला. त्याने माझ्या पोटात गुडघा घातला. "तुझा वंश बुडवीन," असं मी ओरडलो. पुढे हेच माझ्या अंगाशी आलं. मग दोघेही फरशीवरच्या रक्ता-पाण्यात लोळत एकमेकांना तुडवत राहिलो. गिऱ्हाइकं दारात उभी राहून बघत होती. खाटकांच्या भांडणात मधे पडायची कुणाची छाती होणार?

आवाज ऐकून धाकट्याची बायको वरच्या खोलीतून खाली आली. हातात त्यांचा सव्वा महिन्याचा मुलगा, मानेपर्यंत दुपट्यात करकचून गुंडाळलेला. दोन दिवस त्याला सर्दी होती, सारखा किरकिरत होता. आत्ता कुठे शांत झालाय, निदान त्याच्यासाठी तरी थांबा, असं ती रडत म्हणाली.

शांत झालाय म्हटल्यावर मी धाकट्याची कॉलर सोडली. बकरं विकत घेताना बाप आम्हा दोघांच्या टाळक्यात टपली मारून सांगायचा, "तोंडाला भुलू नका. आधी कूस बघा, फासळ्यांखाली श्वास कसा चालतोय ते. ओरडतंय ते धडधाकट, गप्प झालंय ते परत पाठवा." एवढं एक शिक्षण त्याने दिलं, पण ते पक्कं दिलं.

मी बाळाकडे बघितलं. नाकपुड्या फुलत होत्या. दर श्वासाला डोकं डुलत होतं, आणि श्वास सोडताना कण्हल्यासारखा बारीक आवाज येत होता. भावजयीला वाटत होतं, झोपेत कुरकुरतोय. दूध कधी प्यायला, म्हणून विचारलं तर म्हणाली, पहाटेपासून तोंडातच धरत नाही. मी पुढे झालो आणि दुपटं टरकन फाडलं. श्वास घेताना पोट वर येत होतं आणि फासळ्यांखाली खड्डा पडत होता, अंगठा मावेल एवढा. ओठांच्या कडा निळ्या पडल्या होत्या. 

धाकट्याला काय दिसलं? वंश बुडवीन म्हणणारा थोरला भाऊ रक्ताने भरलेल्या हातांनी त्याच्या पोराचे कपडे फाडतोय. त्याने खोडातली करवत उपसली आणि माझ्यावर घातली. खांद्यापासून कोपरापर्यंत माझा हात उघडला. मी भावजयीच्या हातातून बाळाला घेऊन छातीशी धरलं, त्याची मान सरळ ठेवली आणि रस्त्यावर पळत सुटलो.

दवाखाना चौकापलीकडे. मागून धाकटा करवत घेऊन ओरडत येत होता, "धरा त्याला, मारतोय माझ्या पोराला." असं म्हटल्यावर लोक काय करणार? कुणीतरी पाठीत काठी घातली. कुणी कानशिलात दिली, चौकातल्या चष्मेवाल्याने तर स्टूल फेकून मारलं. दुकानासमोर हूं की चूं न करणारे सगळे इथे शूर झाले. मी गुडघ्यांवर बसलो, बाळावर ओणवा झालो, आणि त्याच्यावर भार पडू नये म्हणून कोपरं जमिनीला टेकवून ठेवली. पाठीवर लाथा बसत होत्या. मीही शिव्या द्यायच्या तेवढ्या दिल्या.

धाकट्याने मला उलथा केला आणि गळा धरला. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"दाब गळा," मी म्हणालो. "पण आधी त्याची कूस बघ."

त्याने खाली बघितलं. त्यानेही त्याच बापाच्या टपल्या खाल्लेल्या. माझ्या गळ्यावरची त्याची बोटं सैल पडत गेली. भावजय पोहोचली होती. दोन थेंब पाणी पाजू का, म्हणाली. मी नको म्हणालो. धाप लागलेली असताना घोट चुकीच्या वाटेने जातो. धाकटा उठला, करवत उचलून फिरवत गर्दीत घुसला आणि समोर आला त्याच्या तोंडावर ठोसा मारला. माणसं पटापट बाजूला झाली. आम्ही त्या वाटेने पळालो.

नर्सने बाळाची छाती उघडी ठेवून घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला बहात्तर. एवढं लहान बाळ शांत असताना साठाच्या वर गेलं, छातीखाली खड्डा पडला, कण्हू लागलं किंवा दूध सोडलं, की एक क्षणही घरी थांबायचं नाही, असं ती धाकट्याला खडसावून म्हणाली. ऑक्सिजनची नळी लागली. आणखी तासभर गेला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मग त्यांनी माझ्या हाताला एकवीस टाके घातले. हे कशाने झालं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, लाकूड कापताना.

पाचव्या दिवशी बाळाने असा टाहो फोडला की शेजारची खाट जागी झाली. घरी आल्यावर धाकटा त्याला उघडं करून माझ्यासमोर घेऊन आला.

"दादा, तू मोज."

"मी काय रोज मार खायला मोकळा आहे? स्वतः मोज."

बाळ झोपेपर्यंत थांबून त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजायला सुरुवात केली. विसाला चुकला, पुन्हा पहिल्यापासून. तिसाला स्वतःच रडायला लागला, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला बाळाच्या पोटावर एक बोट टेकवून, पहिलीतल्या पोरासारखा मोठ्याने मोजत तो शेवटाला पोहोचला. चव्वेचाळीस.

"बरोबर आहे?" त्याने विचारलं.

मीही मनात मोजत होतो. बरोबर होतं.